कुणाकडेच झुकाव नाही

६ जानेवारी

दवाखान्यातल्या बाईंनी एक तक्ता दिला आहे. रोज किती सिगारेटी, किती वेळा तलफ आली, झोप किती झाली. तो त्यांना दाखवायचा. ही वही वेगळी. ही कुणाला दाखवायची नाही.

कारण साधं आहे. मार्चमध्ये ठमीला बाळ होणार. ठमी म्हणजे माझी लेक. लहानपणी एकदा नाही म्हणाली की ठाम नाहीच, म्हणून ठमी. परवा जेवताना म्हणाली, "बाबा, सिगारेटचा हात माझ्या बाळाला लागणार नाही."

"हात धुऊन घेईन."

"फुप्फुसं धुऊन घ्याल?"

जावई ताटात बघून हसला. आमची ही म्हणाली, "बरी सापडली तुम्हाला जोडीची." माझ्या बाजूनं कुणीच नाही.

एकतीस वर्षं झाली. दिवसाला वीस-बावीस. दवाखान्यात कसलासा अभ्यास चालू आहे, त्यात नाव घातलं, म्हणून गोळ्या मिळाल्या. आठवडाभर गोळ्या घेत घेत ओढायचं, तेरा तारखेला बंद. गोळ्या पुढे बारा आठवडे.


९ जानेवारी

दवाखान्यात खेळ खेळवला. पडद्यावर एक चेहरा येतो. त्याला तोंड म्हणून एक रेघ. कधी आखूड, कधी किंचित लांब. फरक केसभर. आखूड की लांब ते बटण दाबून सांगायचं. बरोबर आलं तर कधी कधी घंटी वाजते आणि 'शाब्बास' उमटतं. दर वेळी नाही.

शेवटी बाई म्हणाल्या, "काका, तुम्ही लांबकडे झुकता."

"म्हणजे चुकतो?"

"थोडं चुकता. लांबला घंटी जास्त वेळा वाजते. ते मनाला कळतं आणि शंका आली की बोट तिकडे जातं. सगळ्यांचं तसंच होतं. होतं ते चांगलंच आहे."

मला ते पटलं नाही. चूक ती चूक. एकतीस वर्षं मी लिफ्ट दुरुस्त करतो. माझ्या धंद्यात कुठे झुकून चालत नाही.


१३ जानेवारी

शेवटची सकाळी साडेसहाला, गॅलरीत. अर्धी ओढली आणि विझवली. चव आधीच गेली होती. गोळ्यांमुळे असं होतं म्हणे.

हिनं काही न बोलता राखेचं भांडं उचललं, घासलं आणि त्यात टाचण्या ठेवल्या.


१७ जानेवारी

पाचवा दिवस. तलफ येते, जाते. सोसवते.

आज ठमीच्या इमारतीची लिफ्ट होती. पाच मजले, सहा माणसांची लिफ्ट. तिनं तिथे घर घेतलं तेव्हा जावयाला म्हणाली होती, "लिफ्ट बाबांची आहे, मला पायऱ्यांची भीती नाही." तेव्हापासून त्या लिफ्टकडे मी जरा जास्तच बघतो.

माझी पद्धत अशी. काम झालं की वर मशीनच्या खोलीत उलट्या डब्यावर बसायचं, एक सिगारेट पेटवायची, आणि ती संपेपर्यंत लिफ्ट खालीवर चालू द्यायची. आज सिगारेट नव्हती, तरी बसलो. बरोबरचा मेकॅनिक, ज्याला आम्ही सगळे रेडिओ म्हणतो, खालून बटणं दाबत होता आणि वायरलेसवर बडबडत होता. त्याला बंद करायचं बटण कुणी बसवलेलंच नाही.

"लेका, तुझ्या तोंडाला वास येत नाही आता. ओळख पटत नाही."

"गप. ऐकू दे."

उतरताना थांबण्याच्या क्षणी ब्रेक किंचित घासत होता. फस्स, एवढंच. मानेवर काटा आला. बॅटरी घेऊन बघितलं. गिअरच्या पेटीतून तेल झिरपून ब्रेकच्या चाकावर येत होतं. नखाएवढा ओला डाग. पुसून काढला. तेल अडवणारं सील म्हातारं झालंय. अर्ध्या दिवसाचं काम, पण सील हवं. लगेच साहेबांना फोन केला, आजच मागवा म्हटलं. साहेब म्हणाले, एवढी काय घाई? मी म्हटलं, ब्रेक आहे तो, पंखा नव्हे.

खाली येताना नाणं उभं केलं लिफ्टच्या जमिनीवर. पाचव्यापासून तळापर्यंत पडलं नाही. रेडिओनं टाळी दिली. इतकी वर्षं झाली तरी ते उभं नाणं बघून बरं वाटतं.


२९ जानेवारी

गोळ्यांनी मळमळतं. स्वप्नं फार. काल स्वप्नात मी एकेका मजल्यावर माझ्याच जुन्या शाळेत उतरत होतो. उठलो तेव्हा बनियन भिजलं होतं.

सिगारेट सोडून सतरा दिवस झाले. तलफ जवळपास नाही. मग गोळी कशाला? रेडिओ म्हणतो, "एक नाद सोडून दुसरा धरलास, एवढंच." चेष्टेत म्हणाला, पण खोटं नाही. नातवंडाला घ्यायचं तर नुसत्या अंगानं घ्यावं. कुबडी नको.

उद्यापासून बंद. रोज एक गोळी बेसिनमध्ये सोडायची, म्हणजे पाकिटातल्या गोळ्या आणि तारखा जुळतील. बाई विचारत बसणार नाहीत. हिलाही सांगायचं नाही.


३ फेब्रुवारी

मळमळ गेली. स्वप्नं गेली. स्वप्न पडतच नाही. झोप म्हणजे दिवा मालवल्यासारखी.

मला जमलं.


८ फेब्रुवारी

सील आलं. पिशवीत टाकलं.

हिनं संध्याकाळी शेजारणीची गंमत सांगितली. शेजारणीनं दुसऱ्याच्याच गाडीत भाजीच्या पिशव्या ठेवल्या आणि वर त्या माणसालाच दरडावलं, माझ्या गाडीत काय करतोस. मी ऐकलं. सांगून झाल्यावर ही थांबली.

"अहो, संपलं."

"ऐकलं ना."

"भिंतीला सांगितलं असतं तर निदान आवाज तरी परत आला असता."

गोष्ट मजेशीर होती. ते मला कळत होतं.


१२ फेब्रुवारी

दवाखाना. पुन्हा तोच खेळ. आखूड, लांब, आखूड. घंटी वाजत होती. मध्येच लक्षात आलं की घंटीकडे आपलं लक्षच नाही. रस्त्यावरच्या हॉर्नसारखी ती कुठेतरी वाजत होती.

बाईंनी आकडे दोनदा बघितले.

"काका, आता तुम्ही कुणाकडेच झुकत नाही."

"म्हणजे नजर साफ झाली."

त्या हसल्या नाहीत. खुर्ची जवळ ओढून बसल्या. म्हणाल्या, सिगारेट इतकी वर्षं बारीकसारीक गोष्टींची गोडी वाढवत असते. ती काढून घेतली की काही काळ सगळं सपाट होतं. चहा, गाणं, कुणी केलेलं कौतुक. गोळी नेमकी तिथेच आधार देते. म्हणून तर ती बारा आठवडे.

"गोळ्या वेळेवर घेता ना?"

"हो."

"काही आवडेनासं झालंय? कामात मन लागतं?"

"सगळं पूर्वीसारखं आहे."

पाकीट दाखवलं. तारखा जुळल्या. त्यांनी तक्त्यावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "तरी काही वाटलं तर फोन करा. कधीही."

खोटं बोललो, पण त्यांच्या अभ्यासाचं त्यात काही बिघडलं असं वाटत नाही. एक माणूस इकडचा तिकडे.


१७ फेब्रुवारी

ठमीची लिफ्ट. महिन्याची तपासणी. डब्यावर बसलो नाही. सिगारेट नाही तर बसायचं कशाला? दहा मिनिटं वाचतात.

ब्रेकचा आवाज वाढलाय. फस्स नव्हे, खर्र. स्वच्छ ऐकू आला. चाकावर तेलाचा डाग आता तळहाताएवढा आहे. पुसला. सील पिशवीत होतं. पिशवी उघडली, सील हातात घेतलं, परत ठेवलं. करायचं होतं. हात पुढे गेला नाही, एवढंच. दमलो नव्हतो. घाई नव्हती. कुणी जेवायचं का विचारावं आणि आपण 'नंतर' म्हणावं, तसं.

लिफ्टच्या नोंदवहीत 'ठीक' लिहून सही केली.

रेडिओ जिन्यात उभा होता. "खालून ऐकलं मी. घासतोय तो."

"पुसलं."

"पुसून काय होतंय? सील बसवणार होतास ना?"

"पुढच्या खेपेला."

"तुझी लेक राहते इथे."

"माहीत आहे."

"नाणं तरी लावलंस का?"

लावलं नव्हतं. तो लिफ्टनं तळाशी गेला, खिशातून नाणं काढून उभं केलं, तळापासून वर आला. दार उघडलं तेव्हा नाणं आडवं होतं. ते बोटानं दाखवून तो माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, "पडलंय." तो म्हणाला, "ते मलाही दिसतंय."

नंतर गाडीत तो गप्प होता. रेडिओ गप्प बसला की रस्ता लांब वाटतो असं मी पूर्वी म्हणायचो. आज रस्ता तेवढाच होता.


२३ फेब्रुवारी

साहेबांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. या महिन्यात सर्वांत कमी वेळात सर्वांत जास्त लिफ्ट. "बघा, सिगारेट सोडल्याचा फायदा." टाळ्या वाजल्या. रेडिओनं वाजवल्या नाहीत.

घरी येईपर्यंत हिला सांगायचं विसरलो. तिला दुसऱ्यांकडून कळलं.


२६ फेब्रुवारी

रेडिओनं जोडी बदलून मागितली. साहेबांना कारण सांगितलं नाही. मला सांगितलं.

"अकरा वर्षं तुझ्याबरोबर काढली. पूर्वी आवाज ऐकला की तुझा चेहरा बदलायचा. मी चेहऱ्यावरून ओळखायचो, आज जेवण उशिरा. आता आवाज येतो आणि तुझा चेहरा तसाच. मला भीती वाटते."

"मला ऐकू येतं सगळं."

"तेच म्हणतोय. ऐकू येतं आणि काही होत नाही."

"साहेबांना सांग मग."

"काय सांगू? माझा दोस्त बरोबर काम करतो, पण मला आवडत नाही? ते सील बसव. माझी शपथ आहे."

मी हो म्हटलं. उद्यापासून मी एकटा.


३ मार्च

पहाटे मुलगी झाली. ठमी बरी आहे.

कोपरापर्यंत हात धुतले. ठमीनं माझी बोटं हुंगली, हसली आणि रडायला लागली. "बाबा, खरंच सोडलीत." मग बाळ माझ्या हातात दिलं. तीन किलोच्या आत. नखं आहेत. डोळे मिटलेले. डावा कान दुमडला होता, तो सरळ केला.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "छान आहे."

ही म्हणाली, "एवढंच?"

मग मी म्हटलं, "फार छान आहे." ते ऐकून सगळे हसले. माझे डोळे कोरडे का हे कुणी विचारलं नाही. पुरुष माणूस म्हणून सोडून दिलं असेल.

या क्षणासाठी सगळं केलं होतं. मी वाट बघितली. अजून येईल.


७ मार्च

ठमी उद्या दुपारी घरी येणार.

ही म्हणाली, "तेवढी लिफ्ट बघून या हो. तिचे टाके ओले आहेत, जिने चढायला लागू नयेत."

"बघितलीय."

"कधी?"

"गेल्या महिन्यात. सही आहे माझी."

"तुमची सही आहे म्हणजे झालं," असं म्हणून ती बाळाची दुपटी घडी करायला लागली.

संध्याकाळी मोकळा होतो. पिशवी दाराशीच होती. खुर्चीत बसून तिच्याकडे बघत होतो. उठायला हवं हे माहीत होतं. मग दिवेलागण झाली.


८ मार्च

जसं झालं तसं लिहितो.

दुपारी सव्वादोन. मी आणि ही आधीच पाचव्या मजल्यावर, लिफ्टसमोर. हिनं दारात फुलं लावली होती. खाली गाडीचा आवाज आला. लिफ्टमध्ये ठमी, बाळ, जावई, जावयाचे आईवडील, दोन मोठ्या बॅगा. तिसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई बाळ बघायला म्हणून खालूनच त्यांच्याबरोबर चढल्या. म्हणजे लिफ्ट भरलेली.

वर आली. थांबली. दार उघडलं. उंबरठा बरोबर जुळला होता. ठमी सगळ्यांत पुढे, हातात बाळ, तोंडभर हसू. "आलो!"

मग लिफ्ट खाली जायला लागली.

जोरात नाही. हळू, कुणी दोर सैल सोडल्यासारखी. दोन बोटं. वीतभर. ब्रेक धरत होता, पण चाक तेलावरून सरकत होतं. आवाज लांबलचक. उंबरठा ठमीच्या घोट्याशी आला, मग गुडघ्याशी. शिक्षिकाबाई किंचाळल्या. जावई ओरडला, "बाबा, काय होतंय हे?"

लिफ्ट घसरते तेव्हा आतल्यांनी आत राहायचं आणि बाहेरच्यांनी हात आत घालायचा नाही. आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी हे शिकवतात. लिफ्टचं छप्पर खाली येत असतं आणि बाहेरच्या जमिनीपर्यंतची फट लहान लहान होत जाते. त्या फटीत काही असलं तर ते राहत नाही. एक शब्द पुरला असता. आतच थांबा.

ठमीनं बाळ डोक्याच्या वर उचललं. "बाबा, हिला घ्या! बाबा!"

मी बघत होतो. फट किती उरली आहे त्याचा अंदाज घेत होतो. सव्वा हात. हातभर. अंदाज बरोबर येत होता. तोंडात शब्द होता. तो काढायला जे लागतं ते आतून येत नव्हतं.

हिनं जमिनीवर पालथं पडून दोन्ही हात आत घातले आणि बाळ ओढून घेतलं. तिची कोपरं बाहेर आली आणि छप्पर उंबरठ्याजवळ आलं. मध्ये किती वेळ गेला ते मी मोजलं नाही. फार नाही. फट उरली ती चार बोटं. तिथे लिफ्ट थांबली.

त्यानंतर मी सगळं नीट केलं. वर मशीनच्या खोलीत गेलो. वीज तोडली, चाक हातानं धरलं, लिफ्ट चौथ्यावर उतरवली, दार उघडून सगळ्यांना बाहेर काढलं. कुणाला लागलं नाही. हिच्या मनगटावर ओरखडा आहे.

ठमी एक मजला पायऱ्यांनी चढली. जावयानं धरलं होतं. वर येऊन आधी तिनं बाळाचे हातपाय तपासले, एकेक बोट. मग माझ्याकडे आली.

"तुम्ही हात का पुढे केला नाहीत?"

"हात घालायचा नसतो."

"मग ओरडलात का नाही?"

मी हिच्या मनगटावरच्या ओरखड्याकडे बघितलं.

"लिफ्टमध्ये बिघाड आहे हे माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"सतरा जानेवारी."

तिचा चेहरा बदलला. मी बघत होतो तो कसा बदलतो. तिनं बाळ हिच्याकडून घेतलं, आत गेली आणि कडी लावली. जावई दाराबाहेरच उभा राहिला. म्हणाला, "तुम्ही आता जा." त्यानं आजवर मला कधी जा म्हटलं नव्हतं.

ही ठमीकडेच राहिली. मी घरी आलो, जेवलो. झोप लागली.


९ मार्च

सकाळी आठला रेडिओ आला. ठमीनंच त्याला फोन केला होता. ठमीच्या लिफ्टला त्यानं रात्रीच कुलूप घातलंय. बसला नाही. चहाही नको म्हणाला.

"एकट्यानं किती केल्यास?"

"सव्वीस फेब्रुवारीनंतर?"

"नाही. आपण बरोबर होतो तेव्हाच्याही. तू असा झालास तेव्हापासून."

तारीख मला सांगता येईना. फेब्रुवारीच्या सुरुवातीपासून धरलं. गोळ्यांचं त्याला सांगितलं नाही. त्याचा इथे काही संबंध नाही. दवाखान्यातून साडेसातलाच बाईंचा फोन आला होता, आठ आठवडे सिगारेटशिवाय झाले म्हणून अभिनंदन करायला. आभार मानले.

रेडिओनं टेबलावर कागद ठेवला. "एकेक पत्ता लिही. समोर काय ऐकलंस ते लिही. वहीत काय लिहिलंस ते नको. काय ऐकलंस ते."

मला सगळं आठवतं. एकही आवाज विसरलो नाही. नेत्रालय: दोरातून टकटक, दर फेरीला एकदा. कापडाचं दुकान, मालाची लिफ्ट: दार पूर्ण लागायच्या आधीच चालू होते. वृद्धाश्रम: थांबताना खर्र, ठमीच्या लिफ्टसारखंच, त्याहून मोठं. सगळीकडे 'ठीक' आणि सही.

मी लिहीत गेलो तसतसा तो माझ्या खांद्यावरून वाचत फोन लावत होता. "लिफ्ट बंद करा. आत्ता. हो, आत्ता. कारण नंतर सांगतो." नेत्रालयानं बंद केली. दुकानवाल्यानं आधी शिव्या दिल्या, मग बंद केली.

माझं अक्षर चांगलं येतंय. आतापर्यंत अकरा झाल्या.

वृद्धाश्रमात कुणी फोन उचलत नाही. रेडिओनं तीनदा लावला. तिथे नाश्ता साडेआठला असतो, त्या वेळी वरच्या मजल्यांवरच्या सगळ्यांना खाली आणतात, चाकाच्या खुर्च्यांसकट. हे मी त्याला सांगितलं. त्यानं घड्याळ बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि गाडीची किल्ली घेऊन जिना उतरत धावत गेला. जाताना ओरडला, "तू लावत राहा!"

आठ सत्तावीस झालेत. फोन माझ्यासमोर आहे. बारावा पत्ता लिहून घेतो आणि मग लावतो.